एक चाक काट्याबाहेर

२ तारीख, सोमवार

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची नोंद केली, आता जरा स्वतःची करून बघू म्हणून ही वही. चाळीस वर्षं मालधक्क्याच्या फाटकावर वजनकाटा सांभाळला. ट्रक यायचा, काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो. शाळा सातवीत सुटली, बाकीचं शिक्षण काट्यानेच दिलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक काटेकाकाच म्हणतात.

आज डॉक्टरबाईंनी बोलावलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं रोखठोक. हिच्या डोळ्यांना (ही म्हणजे माझी बायको, वही परक्या हाती पडली तर घोळ नको) दोन वर्षं सारखं पाणी येतं, म्हणून तिथे जाणंयेणं असतं.

बाई म्हणाल्या, "काका, पंचवीस तारखेला बाहेरून मोठे सर्जन येतायत. तीन दिवसांत आठ ऑपरेशनं करतील. माझ्याकडे डोळे गळणारे आहेत तेवीस. सगळ्यांची नळी बंद आहे, ते मी औषधाचा थेंब घालून बघितलंय. पाणी डोळ्यातून नाकात उतरायची वाटच बुजलीय. पण त्रास कुणाला किती, ते कसं ठरवू? जो तो म्हणतो माझंच फार गळतं."

"मोजायचं," मी म्हटलं.

"तेच. तुम्ही मोजाल?"

माशाला विचारतात का, पोहशील का म्हणून!

४ तारीख, बुधवार

पहिलाच डाव फसला. मी म्हटलं, पाणी आहे ना, मग वजन करू. टपाल तोलायचा छोटा काटा घरात होता. पाच जणांना कोरे रुमाल तोलून दिले, संध्याकाळी परत आणायला सांगितले. संध्याकाळी आले ते रुमाल कडकडीत वाळलेले, आणि एक तर सकाळपेक्षा जड. विचारलं तर म्हणे त्यात शेंगदाणे बांधून नेले होते.

डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. मग त्यांनी कागदावर रीतसर मापच लिहून दिलं. पाणी तोलायचं नाही, दिवसातून डोळा किती वेळा पुसावा लागतो ते मोजायचं. अजिबात नाही, तर शून्य. एखादवेळी, तर एक. दोन ते चार वेळा, तर दोन. पाच ते दहा, तर तीन. दहाच्या वर, तर चार. आणि सतत, खळच नाही, तर पाच. चार आणि पाचवाले आधी ऑपरेशनला.

साधं आणि सुंदर माप. असं माप मला सुचलं नाही याचं जरा वाईट वाटलं.

७ तारीख, शनिवार

प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, सोमवार ते रविवार सात घरांचं. पुसलं की एक रेघ. काल दोघांना नमुन्यादाखल दिलं होतं. एकाने नाक पुसल्याच्याही रेघा ओढल्या, दुसऱ्याने नुसता हात फिरवला तरी रेघ. असलं भोंगळ काम मला चालत नाही. म्हणून कार्डावर माझ्या हाताने नियम लिहिला: 'रुमाल डोळ्याला लागला तरच रेघ.' तेवीस कार्डांवर तेवीस वेळा, ठसठशीत. बाई घाईत होत्या, त्यांना दाखवायचं राहिलं. दाखवण्यासारखं आहे काय त्यात? माप घट्ट असावं.

९ तारीख, सोमवार

कार्डं वाटली. रांगेत हेडमास्तर पहिले. निवृत्त झाले तरी खिशात दोन रुमाल, एक डोळ्यांचा, एक चष्म्याचा. त्यांनी कार्डातली एक चूक दाखवली. मी 'रविवार' लिहिताना 'र'चा रफार करून 'वि'वर चढवला होता.

मग क्रेनवाला. मालधक्क्यावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसतो. माझ्या नोकरीत वीस वर्षं डोक्यावर त्याचं हूक फिरायचं. माणूस भला, पण थापा अशा मारतो की वरून त्याला सासऱ्यांच्या घरात काय शिजतंय ते दिसतं म्हणे. याच्या बोलण्यातली हवा वजा केली की निम्मंच उरतं.

"किती गळतं?" मी विचारलं.

"नदी, काका, नदी! दिवसभर वाहतेय."

"नदीचं माप नाही माझ्याकडे. रेघा ओढ."

"ओढतो. पण मला यादीत घ्याच. पुढच्या महिन्यात कंपनीची तपासणी आहे. डोळा असा दिसला तर केबिनमधून खाली उतरवतील. बावीस वर्षं वर बसलोय, खाली मला कोण ओळखतं?"

"घेणारा मी कोण? कार्ड सांगेल."

त्याच्या शर्टाचा उजवा खांदा पार पांढरा पडलाय. वर ऊन फार लागत असणार.

११ तारीख, बुधवार

हिचं कार्ड शिलाई मशीनजवळ खिळ्याला टांगलेलं असतं. कारखान्याच्या शर्टांच्या कॉलरी शिवायचं काम ही घरी घेते. सकाळी बसली की दुपारपर्यंत मशीन खडखडत असतं. मी मुद्दाम कार्डाकडे बघत नाही. आपलं माणूस आहे म्हणून तर जास्तच नाही.

हिच्या दोन्ही झग्यांच्या बाह्या खांद्याजवळ विटल्यात. साबण बदलायला हवा.

१२ तारीख, गुरुवार

दवाखान्यात मधली तपासणी. बाकं भरलेली, हीसुद्धा कार्ड घेऊन बसलेली. हेडमास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "काय काटेकाका, घरचीच पेशंट म्हणजे पहिला नंबर आधीच पक्का असेल, नाही का?"

सगळे हसले. मीही कच्चा नाही. "हेडमास्तर, काट्याला बायको नसते!"

पुन्हा हसले. एकटा क्रेनवाला हसला नाही. ही कार्डाकडे बघत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ती मागे रबर असलेली पेन्सिल कुठे ठेवलीत?" काढून दिली. काम नीटनेटकं करायची हौस हिला पहिल्यापासूनच.

१६ तारीख, सोमवार

तेवीस कार्डं परत आली. दिवसभर हिशोब. डोळे मोजता मोजता माझेच डोळे शिणले.

हेडमास्तर: रोज चौदा, एकही दिवस कमी नाही की जास्त नाही. पाच-पाचचे गठ्ठे. माप चार.

ही: रोज चार. माप दोन. पहिल्या तीन दिवसांच्या घरात खोडाखोड दिसते, उजेडाला धरलं तर कितीतरी रेघांचे वळ आहेत. आधी नाक पुसल्याच्याही धरल्या असतील, मग नियम वाचून सुधारल्या. हिशोबाला कच्चीच आहे, पण प्रामाणिक.

क्रेनवाला: सोमवार ते शनिवार तीन, दोन, तीन, तीन, दोन, तीन. आणि रविवारी एकदम एकोणीस! शेवटच्या दिवशी आकडा फुगवला. काट्याशी लबाडी करणारे मी उभ्या जन्मात पाहिलेत, हा काय मला नवा? रविवार वगळला. माप दोन.

१८ तारीख, बुधवार

आठ नावांची यादी बाईंना दिली. त्यांनी लगेच सर्जनना कळवली. "काका, तुमच्यामुळे मी सुटले," म्हणाल्या.

हिला सांगितलं, तुझं नाव नाही. "बरं," म्हणाली आणि मशीनमध्ये दोरा ओवायला लागली. सुईचं भोक तिसऱ्या खेपेला सापडलं. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्या हातून होणार नाही.

२० तारीख, शुक्रवार

क्रेनवाला घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"मी नाही म्हणे यादीत."

"तुझ्या रेघा बघ. दिवसाला तीन."

"तुम्हीच जे लिहिलंय तेच केलं मी!"

"आणि रविवारी एकोणीस? सहा दिवस झोपली होती का तुझी नदी?"

त्याचा चेहरा उतरला. इतका की मी नजर वळवली. "काटेकाका, मी थापाड्या आहे, मान्य. पण डोळ्याची थाप कुणी मारतं का? एकदा वर या. मग बोला." आणि गेला. उत्तराला थांबलाच नाही.

ही मशीन थांबवून ऐकत होती. "खरं बोलतोय तो," म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"दिसतं," म्हणाली, आणि पुन्हा खडखडाट सुरू.

२१ तारीख, शनिवार

दुपारी मालधक्क्यावर गडबड झाली. मुकादम रस्त्यात भेटला, त्याने सांगितलं. क्रेनवरून पेट्यांचा भारा उतरताना दोन हात आधीच खाली आपटला. खाली हातगाडी होती, तिचा चुराडा. गाडीवाला पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. मुकादम म्हणाला, साखळी घसरली असणार.

केबिनमध्ये कोण होतं ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.



२२ तारीख, रविवार

त्याचं कार्ड चार वेळा काढलं, चार वेळा ठेवलं. आकडे बरोबर. मग पुन्हा पुन्हा का काढतोय? उद्या वर जातो. पासष्टीत शिडी चढणं शोभत नाही, पण हात दाखवून अवलक्षण झालंच आहे, आता पायही दाखवू.

२३ तारीख, सोमवार

शिडी धरधरून बोटं आखडलीत. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

मुकादम ओळखीचा, म्हणून सोडलं. शिडीच्या अठ्ठ्याण्णव पायऱ्या, मधे तीनदा दम घेतला. केबिन केवढी, तर आमच्या न्हाणीघराएवढी. चारही बाजूंनी काच. क्रेनवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "कोपऱ्यात उभे राहा, दांड्यांना हात लावू नका." त्याचा डावा हात एका दांड्यावर, उजवा दुसऱ्यावर. पाइपांचा भारा हुकाला लटकलेला. भारा हवेत असेपर्यंत दांडा सोडायचा नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. माहीत असून कधी डोक्यात शिरलं नाही.

डोळा भरला. त्याने उजवा खांदा वर उचलला, मान तिरकी केली, शर्टावर डोळा घासला. नजर परत खाली. पुन्हा भरला. पुन्हा खांदा. मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. पाव तासात सतरा. पेरं संपली.

रुमाल? रुमाल त्याच्या पँटच्या खिशात घडी घालून होता. खिशापर्यंत हात जाणार कसा?

मग तो दुसरा भारा. मधोमध आला असताना ऊन काचेवरून डोळ्यात घुसलं आणि डोळा नुसता वाहायला लागला. खांदा लावला, तोही ओलाच. भारा हवेत थांबला, हळूहळू झुलायला लागला.

"काका," आवाज अगदी बारीक, "खाली कोण आहे का? मला दिसत नाहीये."

काचेला नाक लावलं. खाली एक हमाल वाकून साखळी गोळा करत होता, बरोबर भाऱ्याखाली. वर बघायची त्याला गरजच वाटत नव्हती. वर क्रेनवाला आहे, हा त्याचा भरवसा.

"माणूस आहे! धरून ठेव!"

"धरलंय. तो हलला का?"

"नाही. हलव हात... नको, नको हलवूस!"

मी स्वतःचा रुमाल काढला आणि त्याच्या डोळ्यावर दाबला. लहान पोराचा पुसावा तसा. एकदा, दोनदा. त्याचा हात दांड्यावरून तसूभर हलला नाही. खाली हमालाने साखळी खांद्यावर टाकली आणि सावकाश, शीळ घालत बाहेर पडला. भारा उतरला, हूक सुटलं, तेव्हा क्रेनवाल्याने दांडे सोडले आणि दोन्ही तळहात पँटला पुसले.

"ही धरायची का रेघ?" त्याने विचारलं. "रुमाल लागला ना डोळ्याला."

मला हसू आलं नाही. "रविवारी तू घरी होतास," मी म्हटलं.

"हो. हात मोकळे होते."

शिडी उतरताना मला जुन्या ट्रकवाल्यांची खोड आठवली. वजन कमी दाखवायचं तर मागचं एक चाक काट्याच्या कडेबाहेर ठेवायचे. काट्याचा आकडा अगदी खरा, आणि वजन अगदी खोटं. म्हणून काटेवाल्याने आकडा लिहायच्या आधी ट्रकभोवती एक फेरी मारायची. नवीन पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. इथे मी फेरीच मारली नाही. त्यातून या खेपेला चाक कडेबाहेर मीच ठेवलं होतं, तेवीस कार्डांवर, ठसठशीत अक्षरात. नाकापेक्षा मोती जड झाला.

घरी आलो. दारातच थांबलो. ही पाठमोरी शिवत होती. दोन्ही हात कापडावर, सुई पळतेय. आणि डावा खांदा वर, मान तिरकी. मग उजवा. अर्धा तास उभा राहिलो. चोवीस वेळा.

काखेत कळसा, म्हणतात ना.

"अगं," म्हटलं, "तू रुमालाने का नाही पुसत?"

ती दचकली. मग हसली. "शिवताना रुमाल कुठे धरू, दातात?"

"मग कार्डावर..."

"तुम्ही लिहिलंय ना, रुमाल लागला तरच. मी नियम पाळला."

म्हणजे त्या खोडलेल्या रेघा बाहीच्या होत्या तर. माझा एक शब्द राखायला हिने तेवढ्या सगळ्या रेघा पुसल्या. मी साबणाला दोष देत होतो.

२४ तारीख, मंगळवार

दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रुमाल? रुमाल कुठून आला, काका? मी 'पुसणं' म्हटलं होतं. बाहीने, हाताने, कशानेही."

"माझ्या शहाणपणातून आला."

"यादी गेलीय. उद्या सकाळी सर्जन येतायत."

"माहीत आहे."

"आणि तो माणूस काल क्रेनवर होता?"

"आजही आहे."

त्या उठल्या, फोन उचलला आणि मुकादमाला आधी त्याला खाली उतरवायला सांगितलं. चिठ्ठी पाठवते, म्हणाल्या. मग माझ्यासमोर कार्डांचा गठ्ठा टाकला. "तेवीस जणांना आजच्या आज विचारायचं. दिवसभर हात कशात असतात, आणि तेव्हा डोळा कशाने पुसता. चला, अर्धे तुमचे, अर्धे माझे."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवसभर दारोदार. बहुतेकांचा आकडा थोडाफार हलला, माप तेच राहिलं. बदलली ती तीनच. क्रेनवाला दोनवरून पाच. ही दोनवरून पाच. आणि हेडमास्तर.

त्यांना विचारलं, रोज बरोबर चौदाच कसे? तर म्हणाले, "दर तासाला पुसतो, सकाळी सात ते रात्री आठ. घड्याळ बघून."

"आणि डोळा कोरडा असला तर?"

"तरी पुसतो. शिस्त."

"नुसता भरल्यावर पुसलात, तर किती?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाचसहा." मग चष्मा नीट केला. "म्हणजे मी नापास?"

"पुढच्या परीक्षेला बसा, हेडमास्तर."

"बसतो," ते म्हणाले. खरंच भला माणूस. दारापर्यंत पोचवायला आले. "घरच्या पेशंटबद्दल मी उगाच बोललो त्या दिवशी." मी म्हटलं, थट्टाच होती, कोण मनावर घेतं?

यादीतले बाकीचे सातही पाचवालेच. पण जागा रिकामी झाली एक, आणि नवे पाचवाले झाले दोन.

२५ तारीख, बुधवार

सकाळी सात वाजता बाईंच्या खोलीत आम्ही चौघं. सर्जन पलीकडच्या खोलीत हात धूत होते, नळाचा आवाज येत होता. बाईंनी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

"काका, दोन्ही पाच. पुढचं शिबिर सहा महिन्यांनी. तुम्ही सांगा."

चाळीस वर्षांत काट्यावर बसून मला कधी घाम फुटला नव्हता. हिचं नाव घ्यावं तर परवा भाऱ्याखाली वाकलेली ती पाठ दिसत होती. त्याचं घ्यावं तर सुईचं भोक चाचपणारी ही बोटं. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून गळणारे डोळे, आणि मी मोजायला गल्लीच्या टोकाला गेलेलो.

क्रेनवाला उठला. "वहिनींना घ्या. मी उतरेन खाली. हातगाडी ढकलेन."

"बसा हो भावजी," ही म्हणाली. "हातगाडीचा काल चुराडा केलात ना तुम्ही?"

"परवा," तो म्हणाला.

"परवा नाही, शनिवारी," मी म्हटलं. अशा वेळीही जीभ तारखेला चुकत नाही.

हिने स्वतःचं कार्ड उचललं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. "डॉक्टरबाई, यात तोलायचं काय एवढं? माझ्या मशीनखाली कुणी उभं नसतं."

नळ बंद झाला. नर्स दारात आली. कोण, म्हणून विचारलं. क्रेनवाला माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला दंडाला धरून उठवलं.

२७ तारीख, शुक्रवार

आठही ऑपरेशनं झाली. क्रेनवाल्याच्या नाकात बोळा, बोलणं गेंगाणं. तरी म्हणे, नवी वाट इतकी मोठी पाडलीय की सर्जनना त्यातून पलीकडचं दिसलं. बाईंनी कंपनीला पत्र लिहिलंय: इलाज झालाय, तपासणी महिनाभर पुढे ढकला, तोवर खालचं काम द्या. मुकादमाने ऐकलं.

कार्डं नव्याने केली. माझा नियम काढून टाकला. त्या जागी एक घर वाढवलं: 'दिवसभर हात कशात असतात?' या वेळी बाईंना दाखवून, सही घेऊन.

३० तारीख, सोमवार

शिबिराला सहा महिने आहेत. तोवर बाही विटू द्यायची नाही असं ठरवलंय. मशीनशेजारी स्टूल टाकलं, मांडीवर चार रुमाल, हातात कार्ड. हिचा डोळा भरला की मी पुसायचा.

पहिल्या तासाला तिला सारखं हसू येत होतं, टाके वाकडे गेले. "लोक बघतील," म्हणाली. "बघू देत," म्हटलं. दुसऱ्या तासाला सवय झाली. मान न वळवता नुसता गाल पुढे करते.

दुपारी डोळा भरला तेव्हा मी पेन्सिल शोधत होतो. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, कॉलरवर पडणार, इतक्यात ही म्हणाली,

"अहो काटेवाले, आधी पुसा. मग लिहा."

पुसलं. लिहायचं राहून गेलं.